छत्रपती संभाजीनगर ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, मुलगा किंवा मुलगी असलेली घरं आता सिडको-गारखेड्यात आहेत तशी अंबाजोगाईत, वसमतमध्ये, उदगीरलाही आहेत. बाळंतपण, मुंज, पदवीदान असं काहीतरी निघतं आणि आई-बाबा पहिल्यांदाच इतक्या लांबच्या विमानात बसतात. तिकिटांच्या कामात आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. बहुतेक जण सुरुवात 'किती किलोमीटर?' इथूनच करतात, म्हणून आम्हीही तिथूनच केली. पण खरा हिशोब तासांचा आहे, आणि त्यातले बरेच तास जमिनीवरच जातात.

१. संभाजीनगर ते सॅन फ्रान्सिस्को विमानाने किती किलोमीटर आहे?

चिकलठाणा विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळचं अंतर सुमारे १३,३५० किलोमीटर, म्हणजे साधारण ८,३०० मैल. पृथ्वीवर कुठूनही जास्तीत जास्त लांब जायचं म्हटलं तर सुमारे २०,००० किलोमीटर जाता येतं, त्यानंतर माणूस परत जवळच यायला लागतो. त्या हिशोबाने ही दोन-तृतीयांश वाट झाली.

तुलनेसाठी, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर. म्हणजे आपण मुंबईला जातो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोपासून थोडे लांबच जातो! हे असं का, ते प्रश्न ४ मध्ये.

२. वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळं अंतर का दाखवतात?

पाच-पंचवीस किलोमीटरचा फरक असेल तर दुर्लक्ष करा. कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांकडे किंचित चपटी. फरक शेकड्यांत असेल तर मात्र गाव तपासा. जुनं नाव टाकलं की बिहारमधलं औरंगाबाद निवडलं जाऊ शकतं. शहराचं नाव बदललं तरी विमानतळाचा तीन अक्षरी कोड तोच आहे, आयएक्सयू. तिकीट काढताना, बॅगेची चिठ्ठी वाचताना तोच बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ.

३. म्हणजे एकूण प्रवास किती तासांचा?

मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. १३,३५० ला ९०० ने भागलं की पंधरा तास येतात, आणि लोक आनंदात तोच आकडा नातेवाइकांना सांगून मोकळे होतात. पण असं सरळ विमान इथून नाही (प्रश्न ६). गारखेड्यातल्या दारापासून बे एरियातल्या सनीव्हेलच्या दारापर्यंत २८ ते ३६ तास धरा. त्याहून कमी वेळात पोचलेले आहेत, पण त्यांच्या भरवशावर घरातून निघू नका.

एक नमुना हिशोब मांडतो, मुंबई आणि दुबईमार्गे:

चिकलठाण्याला दोन तास आधी. मुंबईपर्यंत तासाभराचं उड्डाण. मुंबईत चार ते सहा तास. मुंबई–दुबई सव्वातीन तास. दुबईत तीन तास. दुबई–सॅन फ्रान्सिस्को सोळा तास. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स मिळून दीड तास. बेरीज एकतीस-बत्तीस तासांच्या घरात जाते, आणि त्यात प्रत्यक्ष हवेत वीसच तास आहेत.

तिकीट निवडताना हवेतले तास फारसे कमी करता येत नाहीत. कमी-जास्त होतात ते मधले, आणि तेच तब्येतीला जड जातात.

४. नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते. मग जवळचा रस्ता उत्तरेकडून कसा?

नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. नातवाचा पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा. एक टोक मराठवाड्यावर, दुसरं कॅलिफोर्नियावर ठेवून दोरा ताणा. तो ना पश्चिमेला अरबी समुद्रावर जाईल, ना पूर्वेला चेन्नईवरून. तो जवळपास उत्तरेला, किंचित पूर्वेला कलून वर चढेल: दिल्लीच्या पूर्वेकडून, तिबेटच्या पश्चिम कडेने, चीनच्या सिनकियांग प्रांतातून, सायबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरात. तिथे तो सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो आणि मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियाकडे उतरतो.

सपाट नकाशावर पट्टीने पूर्वेकडे जी सरळ रेघ मारतो, ती गोलावर सुमारे १५,८०० किलोमीटर भरते. दोऱ्याची वाट अडीच हजार किलोमीटरने कमी. दिल्ली मुंबईपेक्षा जवळ का, याचंही उत्तर त्याच दोऱ्यात आहे. दिल्ली त्या वाटेवर पुढे आहे, मुंबई मागे.

५. मग विमानं ह्या जवळच्या वाटेने का जात नाहीत?

कारणं तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची.

पहिलं जमिनीचं. तिबेटच्या पठारावरून नेहमीची प्रवासी वाट काढणं टाळतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच आहे, मग उतरणार कुठे?

दुसरं राजकारणाचं. रशियाने २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आहे; भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. त्यामुळे उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे यावं लागलं, वेळ वाढला, आणि काही लांब उड्डाणांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. म्हणून 'मागच्या वेळी चौदा तासांत पोचलो होतो' हा दाखला आजच्या तिकिटाला लावू नका. कोणत्या देशाची कंपनी आहे, यावरही वेळ ठरतो.

तिसरं कारण वाऱ्याचं. त्याला स्वतंत्र प्रश्न दिला आहे, कारण मजा तिथेच आहे. प्रश्न ७ पाहा.

६. चिकलठाण्याहून परदेशात थेट विमान जातं का? नांदेड, लातूरहून?

अमेरिकेला नाही. हज यात्रेची खास विमानं चिकलठाण्याहून गेलेली आहेत, पण रोजच्या प्रवाशांसाठी मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठूनच पुढे जायचं. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळावरून देशांतर्गत विमानं आहेत. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यातलंच पाहा. लातूरला धावपट्टी आहे, पण तिच्या भरवशावर आखणी करता येत नाही. कुठून निघणं बरं, ते प्रश्न १३ मध्ये.

७. अंतर जास्त असूनही वेळ कमी लागू शकतो का?

लागू शकतो, आणि याचं आमचं आवडतं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. १६ ऑक्टोबर २०१६ ला ते पहिल्यांदा उलट्या बाजूने, पॅसिफिक महासागरावरून गेलं. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्यापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा कमी.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अटलांटिकवरून जाताना तो वारा नाकावर येतो, पॅसिफिकवरून जाताना पाठीवर. गोदावरीच्या पुरात होडी घेऊन पैठणहून खाली जाणं आणि पैठणकडे वर येणं यात जो फरक, तोच इथे. होडीचा वेग तेवढाच, काठ मात्र वेगवेगळ्या वेगाने मागे पडतो.

८. जायला जास्त वेळ आणि यायला कमी, असं तिकिटावर का दिसतं?

कारण तोच वारा. युरोपमार्गे जाताना हे स्पष्ट दिसतं. मुंबईहून फ्रँकफर्टला जायला नऊ तासांच्या आसपास, परतताना आठच्या आसपास. हिवाळ्यात हे पट्टे जास्त जोरात असतात, म्हणून जानेवारी आणि जुलैच्या वेळापत्रकातही फरक पडतो. पण आधी एक खात्री करा. तुम्हाला दिसणारा फरक खरंच उड्डाणाच्या वेळेचा आहे की नुसता घड्याळांचा? पुढचा प्रश्न त्यासाठीच आहे.

९. तिकिटावर निघणं रात्री २ आणि पोचणं त्याच दिवशी सकाळी ६ लिहिलंय. चार तासांत अमेरिका?

असा फोन आम्हाला वर्षातून बऱ्याचदा येतो, आणि विचारणारे हुशार लोक असतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची मुंबईची, पोचण्याची सॅन फ्रान्सिस्कोची.

समजा उन्हाळ्यात मुंबईहून रात्री २ ला निघणारं आणि तिथे सकाळी ६ ला पोचणारं विमान आहे. घड्याळातला फरक चार तास. त्यात साडेबारा तास मिळवा, कारण तिथलं घड्याळ तेवढं मागे आहे. साडेसोळा तास झाले, आणि तोच खरा वेळ. परतीला उलट करायचं: घड्याळातल्या फरकातून तेवढेच तास वजा करायचे.

हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणं त्यात धरलेलं असतं. त्यामुळे वैमानिक सांगतो तो उड्डाणाचा वेळ तिकिटापेक्षा अर्धा-पाऊण तास कमी निघतो. कोणी खोटं बोलत नसतं.

१०. फरक साडेबारा तासांचा की साडेतेरा?

दोन्ही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत कॅलिफोर्निया घड्याळ एक तास पुढे करतं, तेव्हा फरक साडेबारा तासांचा. उरलेल्या हिवाळ्यात साडेतेरा. आपलं घड्याळ वर्षभर तसंच.

तोंडी हिशोबाची युक्ती: उन्हाळ्यात आपल्या वेळेतून अर्धा तास काढा आणि दिवसाची रात्र करा. इथे सकाळचे ९ म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. हिवाळ्यात दीड तास काढा, म्हणजे साडेसात. परतीचं तिकीट घड्याळ बदलण्याच्या त्याच रविवारचं असेल तर विमानतळावर निघण्याची वेळ मुलाला विचारून घ्या. भिंतीवरचं घड्याळ आपोआप बदलत नाही, मोबाइलचं बदलतं.

११. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ रात्री १२:३० आहे. १५ च्या रात्री निघायचं ना?

नाही! १४ च्या रात्री. मध्यरात्री तारीख बदलते, म्हणून १५ तारखेचे १२:३० म्हणजे १४ ची जेवणं झाल्यानंतरची वेळ. परदेशी जाणारी विमानं मुंबईहून बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे ही चूक फार होते. माझ्याकडूनही झालेली आहे, आणि माझ्या स्वतःच्याच तिकिटावर. वीस वर्षं लोकांना तारखा समजावून सांगणारा माणूस बॅगा घेऊन सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, पोचला, तेव्हा विमान जाऊन बावीस तास झाले होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक तिकिटावर पेनाने 'घरून निघण्याचा वार' लिहून देतो. तुम्हीही लिहा. तारखेपेक्षा वार बरा, कारण वार डोक्यात पक्का बसतो.

१२. परत येताना एक पूर्ण दिवस कुठे जातो?

शुक्रवारी रात्री ९ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालात, सोळा तास उडालात, तरी भारतात उतरता तेव्हा रविवारचे पहाटेचे दीड वाजलेले असतात. शनिवार तुम्हाला मिळालाच नाही. तो जाताना मिळाला होता. जाताना निघण्याची आणि पोचण्याची तारीख बऱ्याचदा एकच असते, म्हणजे तो दिवस छत्तीस तासांहून लांब झालेला असतो. त्याचीच ही परतफेड. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे '+१' किंवा '+२' छापलेलं असतं. इथून न्यायला येणाऱ्याला गाडी कोणत्या दिवशी काढायची ते त्यावरून सांगा.

पॅसिफिकवरच्या विमानात आणखी गंमत होते. २०१६ च्या त्या उड्डाणाने (प्रश्न ७) आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, तेव्हा आतल्या लोकांची तारीख १६ वरून पुन्हा १५ झाली आणि उतरेपर्यंत परत १६. दोन्ही वाटांनी शेवटी वेळ तीच येते, कारण घड्याळ पोचण्याच्या गावाचं असतं.

१३. मुंबईहून जाणं बरं, दिल्लीहून की हैदराबादहून?

अंतर बघून ठरवू नका, तुमचा जिल्हा बघून ठरवा.

संभाजीनगर, जालना, बीडकरांना मुंबई सोयीची. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून रस्त्यानेही साडेपाच-सहा तासांत मुंबई गाठता येते. विमानाने अंतर जेमतेम २८० किलोमीटर आहे, पण दोन तास आधी जाणं आणि तिथली रांग धरली तर रस्ता आणि विमान यांत फार फरक उरत नाही. विमानाचा खरा फायदा दुसरा आहे: एकाच तिकिटात बसलं तर बॅग इथेच सोपवता येते.

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्यांनी हैदराबाद आधी तपासावं. नांदेडहून शमशाबाद (हैदराबादचा विमानतळ) रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई त्याच्या दुप्पट. आखाती देशांमार्गे जाणाऱ्या विमानांची तिथे कमतरता नाही. तरी सवयीने सगळे मुंबईच म्हणतात. नांदेड–मुंबई वंदे भारत झाल्यापासून तर जास्तच. परभणी-हिंगोलीकर मधोमध आहेत. त्यांनी तिकिटाच्या दरावर जावं.

दिल्लीचं अंतर कागदावर हजारेक किलोमीटरने कमी आहे खरं, पण डिसेंबर-जानेवारीत तिथलं धुकं ते सगळं वसूल करतं. त्या दोन महिन्यांत वयस्कर माणसांना दिल्लीमार्गे पाठवायला आम्ही तयार होत नाही. मुंबईची अडचण जुलैच्या पावसाची.

१४. मुंबईत दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा?

सगळं एकाच तिकिटावर (एकाच पीएनआरवर) असेल तर कंपनीने दिलेला वेळ पुरतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची सोय त्यांनी करायची असते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी तुमची. पहिल्या विमानाला उशीर झाला म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. तेव्हा किमान सहा तास ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशीच जा.

आणखी दोन गोष्टी. देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरलं तर टर्मिनल २ ला शहरातल्या रस्त्याने जावं लागतं. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून खूश होऊ नका. नवी मुंबईला उतरून सहारहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे, आणि तिथे पस्तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे किती तास, हे कोणीच छातीठोक सांगत नाही.

१५. कोणत्या शहरामार्गे गेलं तर अंतर कमी पडतं?

मुंबईपासून पुढचे ढोबळ आकडे असे: दुबईमार्गे सुमारे १५,००० किलोमीटर, हाँगकाँगमार्गे साडेपंधरा हजारांच्या आत, फ्रँकफर्टमार्गे १५,७००, सिंगापूरमार्गे १७,५००. सिंगापूर अडीच हजाराने लांब दिसतं, पण तिथून पुढे पॅसिफिकवरचा वारा पाठीवर असतो, त्यामुळे हवेतले तास तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत.

आमचा सल्ला वेगळ्याच कारणाने युरोपकडे झुकतो. तिथे प्रवास नऊ आणि साडेअकरा तासांत विभागतो. दुबई किंवा सिंगापूरमार्गे एक तुकडा लहान आणि दुसरा पंधरा-सोळा तासांचा होतो. गुडघे दुखणाऱ्याला सलग सोळा तास फार होतात.

१६. मधल्या विमानतळावर दीड तास पुरतो का? व्हीलचेअर घेतली तर लवकर होईल ना?

पंचविशीतल्या मुलाला पुरतो. पहिल्यांदा जाणाऱ्या आई-बाबांना तीन तास हवेतच. व्हीलचेअर जरूर घ्या, रस्ता चुकत नाही. पण तिने वेळ वाचतो हा गैरसमज आहे. व्हीलचेअरच्या प्रवाशांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, आणि माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. ती घेतली असेल तर उलट अर्धा तास वाढवून धरा.

१७. 'डायरेक्ट' विमान आहे म्हणून सांगितलं, मग मध्ये उतरलं कसं?

'डायरेक्ट' म्हणजे उड्डाण क्रमांक एकच. वाटेत थांबा असू शकतो. न थांबणाऱ्याला 'नॉनस्टॉप' म्हणतात. तिकीट काढताना 'थांबे: ०' लिहिलंय का ते बघा. इंधनासाठीच्या तांत्रिक थांब्याला (प्रश्न ५) बऱ्याचदा खालीही उतरवत नाहीत, बसल्या जागी तास-दीड तास जातो.

१८. व्हँकूव्हर किंवा टोरोंटोमार्गे स्वस्त आणि लवकरचं तिकीट दिसतंय. घ्यावं का?

आधी व्हिसा बघा. भारतीय पासपोर्टवर कॅनडाच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही कॅनडाचा व्हिसा लागतो. जवळ अमेरिकेचा आहे म्हणून चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम त्या देशाच्या अधिकृत साइटवर तपासूनच पैसे भरा. वाचलेले तीन तास आणि दहा हजार रुपये चेक-इनच्या काउंटरवरच परत जातात.

१९. बॅगा थेट सॅन फ्रान्सिस्कोलाच मिळतील का?

अमेरिकेत तुमचं पहिलं पाऊल जिथे पडेल तिथे बॅगा घ्याव्या लागतात, चिठ्ठी पुढच्या गावाची असली तरी. म्हणजे न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे गेलात तर तिथे इमिग्रेशन, बॅगा उचलणं, कस्टम्स, बॅगा पुन्हा देणं, पुन्हा तपासणी. इतकं सगळं दोन तासांत बसवलेलं तिकीट घेऊ नका. थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या विमानात हा ताप नाही.

एक अपवाद अबू धाबीचा. तिथून अमेरिकेला जाताना अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. पण मग तो वेळ अबू धाबीत हाताशी हवा. बेरीज तीच, जागा बदलली.

२०. मुलगा सॅन होजेला राहतो. त्याला विमानतळावर किती वाजता बोलवायचं?

सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ते सॅन होजे सुमारे पन्नास किलोमीटर. विमान उतरण्याच्या वेळेनंतर तासाभराने त्याने घरून निघालं तरी चालतं. सकाळी एकाच वेळी तीन-चार मोठी विमानं उतरली की इमिग्रेशनची रांग लांबते. त्याला उड्डाण क्रमांक द्या. विमान कुठे आहे ते तो मोबाइलवर बघत बसेल आणि तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत असेल.

२१. साखरेची आणि बीपीची गोळी कोणत्या वेळेने घ्यायची?

हे निघण्याच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. तिकीट छापून सोबत न्या, म्हणजे त्यांना हवेतले तास आणि घड्याळाचा फरक दोन्ही दिसतील. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये, कारण बारा तासांच्या फरकात सकाळचा डोस आणि रात्रीचा डोस जागा बदलतात. आमच्याकडून एवढंच: औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, आणि पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर राहू द्या. 'शेवटची गोळी घेऊन किती तास झाले' हे त्यावरून चटकन कळतं.

२२. विमानात असताना संकष्टी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा?

हसू नका, हा प्रश्न दर महिन्याला येतो. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ गावागणिक बदलते. संभाजीनगर आणि मुंबईतच काही मिनिटांचा फरक असतो. विमान तर दर तासाला नऊशे किलोमीटर सरकतं. त्यात जूनमध्ये उत्तरेच्या वाटेने गेलात तर सूर्य मावळतच नाही, खिडकी उघडली की रात्रभर ऊन. चंद्र तुमच्या बाजूच्या खिडकीतून दिसेलच असंही नाही.

शास्त्रार्थ गुरुजींना विचारा. आमच्याकडच्या बहुतेक आज्या निघालेल्या गावाचा चंद्रोदय धरतात आणि मोबाइलमधल्या गणपतीला हात जोडून हवाईसुंदरीने दिलेलं दही खातात. वाशीमार्गे मुंबईला निघालेल्या एका आजींनी तर आधीच ठरवून टाकलं होतं: तिकीटच चतुर्थी टाळून काढायचं. तारीख दोन दिवस पुढे गेली आणि तिकीटही स्वस्त पडलं.